रात्रपाळीची भुतं

जमिनीखालच्या रेल्वे स्टेशनांतली भुतं तिकीट काढून आलेल्यांना क्वचितच दिसतात. लंडनची गोष्ट घ्या नाहीतर कोलकात्याची, आधी एवढंच बघा की पाहिलं कोणी. शेवटची गाडी गेल्यावर शटर ओढणाऱ्याने, बोगदा झाडणाऱ्या बाईने, गल्ला मोजत बसलेल्या तिकीट क्लार्कने, हातात दिवा घेऊन रूळ तपासायला निघालेल्याने. त्याच फलाटावरून दिवसभर लोंढेच्या लोंढे जातात आणि कोणी मान वळवून बघत नाही. भूत दिसायला रात्रपाळी लागते.

हे मी भुसावळात बसून लिहितोय. खानदेशात भुयारी स्टेशन औषधालाही नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकला की सगळं स्टेशनच जमिनीखाली असतं तर बरं झालं असतं असं वाटतं, ती गोष्ट वेगळी. पण रात्रपाळी मात्र आमच्या गावात घरोघर आहे. आमचे आप्पा यार्डात पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, होते. शेजारच्या क्वार्टरमध्ये मालगाडीचे गार्ड, पलीकडे रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमध्ये काम करणारे अमळनेरकडचे एक तात्या. पहाटे डबा परत आणणाऱ्या माणसांकडून आम्ही पोरांनी भुतं ऐकली. त्यामुळे दूरदेशीच्या भुयारांतल्या गोष्टी वाचताना मला त्या परक्या वाटत नाहीत. सांगणारा ओळखीचा असतो.

लंडनचं कव्हेंट गार्डन घ्या. विल्यम टेरिस नावाचा तिथला गाजलेला नट १६ डिसेंबर १८९७ च्या संध्याकाळी अ‍ॅडेल्फी थिएटरच्या मागच्या दाराशी भोसकला गेला. मारणारा दुसरा एक नट, काम सुटलेला आणि डोकं फिरलेला. कव्हेंट गार्डनचं भुयारी स्टेशन सुरू झालं १९०७ साली. म्हणजे बिचाऱ्या टेरिसने हयातीत ते स्टेशन पाहिलंच नाही. तरी १९५५ च्या सुमारास तिथल्या एका कर्मचाऱ्याला रात्री उंचापुरा, हातमोजे घातलेला माणूस दिसला, आणि पुढे फोटो दाखवल्यावर त्याने टेरिसला ओळखलं, अशी गोष्ट आहे. जोड म्हणून असंही सांगतात की स्टेशनाच्या जागी पूर्वी पावाचं दुकान होतं आणि टेरिस तिथं नेहमी जायचा. पावासाठी माणूस साठ वर्षं घुटमळतो हे काही मला पटत नाही. पण त्या स्टेशनाला १९३ पायऱ्यांचा गोल जिना आहे, आणि रात्री कुलूप लावण्याआधी आत कोणी राहिलं तर नाही ना हे बघायला त्यात उतरावं लागतं, हे कळलं की बाकीचं लगेच पटतं. गोल जिन्यात पुढचं वळण कधीच दिसत नाही. स्वतःच्याच पावलांचा आवाज खालून वर येतो.

ऑल्डविच हे तिथलंच आणखी एक स्टेशन, १९९४ साली कायमचं बंद झालेलं. जागा मुळात एका नाट्यगृहाची, म्हणून तिथं नटीचं भूत. ते पाहिलं रात्री बोगदे साफ करणाऱ्या बायकांनी. या कामाची कोणी फार चौकशी करत नाही, पण मला भुतापेक्षा त्यातच जास्त रस आहे. हजारो माणसं रोज ज्या नळीतून जातात तिथं त्यांचे केस, कपड्यांचा भुगा, त्वचेची धूळ साठत जाते. आग लागायला तेवढं पुरतं. म्हणून गाड्या थांबल्या आणि रुळांतली वीज बंद झाली की बायकांच्या टोळ्या ब्रश आणि खुरपणी घेऊन आत उतरायच्या आणि पहाटेच्या पहिल्या गाडीच्या आत बाहेर यायच्या. लाखो अनोळखी माणसांचे केस वेचत अंधारात चालणाऱ्या बाईला एखादी नटी दिसली, तर मी तिला खोटं पाडायला जाणार नाही.

आता आमच्या यार्डाकडे येतो. तापीच्या पुलाकडच्या टोकाला, दोन रुळांच्या मधे, पांढऱ्या धोतरातला एक म्हातारा बसलेला असतो, असं गँगमधले तात्या सांगायचे. आवाज खाली आणून, अहिराणीत: "तो बिडी मांगस. देवानी नही, थांबानं नही." आम्ही विचारायचो, दिली तर काय होतं? तात्या म्हणायचे, काही होत नाही, तू बिडी द्यायला थांबतोस एवढंच. पुढे कळायला लागल्यावर मी आप्पांना यार्डातलं काम नीट विचारून घेतलं, तेव्हा त्या म्हाताऱ्याची नेमणूक तिथं कशासाठी होती ते ध्यानात आलं. शंटिंग करताना, म्हणजे डबे एका रुळावरून दुसऱ्यावर हलवताना, इंजिन वाघिणीला, म्हणजे मालडब्याला, धक्का देऊन सोडून देतं आणि ती आपल्या वेगाने घरंगळत जाते. इंजिनाचा आवाज मागे राहतो. रात्रीच्या वेळी वीस-बावीस टनांची रिकामी वाघीण जवळजवळ मुकाट्याने येते. रुळांमधे थांबलेल्या माणसाला ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. 'दोन रुळांमधे उभे राहू नये' हे नियमाच्या पुस्तकात होतंच. पण ते पुस्तक साहेबाच्या कपाटात असायचं आणि म्हातारा पुलाजवळ.

दुसरी गोष्ट दिव्याची. लांबून कोणी हिरवा दिवा हलवतो, जवळ गेलं की नाहीसा होतो, आणि जाणारा चकव्यात सापडल्यासारखा यार्डभर फिरत राहतो. तात्पर्य आप्पांनीच सांगितलं होतं, कोरडेपणाने: अनोळखी दिवा दिसला तर आधी सिग्नल केबिनला विचारायचं. भुताला घाबरणारा माणूस केबिनला विचारतो. शहाणा माणूस सरळ चालत जातो.

रात्रपाळीची सगळीच भुतं कामाची असतात असं नाही. काही बदलीच्या अर्जासाठी असतात. बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यात बेगुनकोदोर नावाचं छोटं स्टेशन आहे. भुयारी नाही, उघड्या माळावरचं. तिथं पांढऱ्या साडीतली बाई रुळांवरून चालते असा बोभाटा झाला, स्टेशन मास्तर तिला बघून मेला असं बोललं गेलं आणि १९६७ साली स्टेशन बंद पडलं. ते पुन्हा उघडलं २००९ मध्ये. बेचाळीस वर्षं एका बाईने स्टेशन बंद ठेवलं. तिथल्या बऱ्याच लोकांचं म्हणणं असं की अशा आडजागी नोकरी करायची कोणाची तयारी नव्हती, तेव्हा ही बाई सोयीची पडली. मला हे खरं वाटतं, कारण आमच्या कॉलनीत एका आडवळणाच्या स्टेशनावर नेमणूक झालेल्या माणसाच्या घरी अचानक ज्या प्रमाणात भुतांची चर्चा सुरू व्हायची, ती पाहिलेली आहे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. बदली हवी असलेल्याच्या पाठी तो जरा जास्तच वेगाने लागतो.

कोलकात्याच्या रवींद्र सरोवर मेट्रो स्टेशनाची गोष्ट मात्र मी अशी हसून बाजूला ठेवू शकत नाही. भारतातली पहिली मेट्रो कोलकात्यात २४ ऑक्टोबर १९८४ ला धावली, आणि जमिनीखालच्या त्या जुन्या मार्गावरचं हे स्टेशन झपाटलेलं म्हणून नावाजलं. शेवटच्या गाडीच्या वेळी फलाटाच्या कडेला, खांबाजवळ, क्षणभर एक आकृती दिसते आणि विरते. कारण म्हणून रुळांवर उडी घेऊन जीव दिलेल्यांकडे बोट दाखवतात. ती आकृती पाहिली म्हणणाऱ्यांत मोटरमनही आहेत, आणि तिथं मी थबकतो. इंजिन चालवणारी माणसं मी लहानपणापासून बघत आलोय. गाडीखाली कोणी आलं तर त्यांना खाली उतरून बघावं लागतं, वायरलेसवर कळवावं लागतं, मेमो लिहावा लागतो आणि बऱ्याचदा तीच गाडी घेऊन पुढे जावं लागतं. कॉलनीतल्या एका ड्रायव्हर काकांनी कधीतरी आप्पांपाशी बोलताना एवढंच म्हटलं होतं की ब्रेक लावल्यावर काही करण्यासारखं उरत नाही, आणि शेवटी तो रुळांवरचा माणूस वर बघतो. कोणाकडे बघतो हे ते म्हणाले नाहीत. तेवढं ऐकल्यावर खांबाजवळच्या आकृतीला मी अंधश्रद्धा म्हणायला धजत नाही. निदान त्या माणसांच्या तोंडावर तरी नाही.

मुंबईत आरे ते कफ परेड अशी जी भुयारी मेट्रो झालीय, तिच्या फलाटांच्या कडेला काचेचे दरवाजे आहेत. गाडी येऊन थांबली की मगच उघडतात. फलाट आणि रूळ यांच्यामधे भिंतच उभी राहिली. अशा स्टेशनात भुताला शिरकाव कुठून होणार, हा प्रश्न मला गंभीरपणे पडलेला आहे.

विज्ञानाचं म्हणणं मांडायला हवं, आणि ते मजेशीरही आहे. खोल बोगद्यात गाडी आणि भिंत यांच्यात अंतर फार कमी असतं. सायकलच्या पंपातल्या दट्ट्यासारखी गाडी पुढची हवा ढकलत येते. त्यामुळे दिवा दिसायच्या आधी, आवाज यायच्याही आधी, फलाटावर वारा सुटतो. कागद उडतात, अर्धवट लागलेलं दार आपटतं. हे दिवसा. रात्री दुरुस्तीची गाडी दोन स्टेशनं पलीकडे हलली तरी तो श्वास इथं जाणवू शकतो. शिवाय कानाला ऐकू न येणारे खर्जातले आवाज असतात. इंग्लंडातल्या कव्हेंट्रीतले व्हिक टँडी हे अभियंते रात्री प्रयोगशाळेत एकटे काम करत असताना त्यांना घाम फुटला, कोणीतरी बघतंय असं वाटलं आणि डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी पकडीत धरलेलं तलवारीचं पातं आपोआप थरथरताना पाहून त्यांनी शोध घेतला. नव्या बसवलेल्या पंख्यामुळे खोलीत सेकंदाला सुमारे १९ कंपनांची लहर उभी राहत होती. १९९८ मध्ये त्यांनी हे छापलं. नंतर दुसऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत ही जादू दर वेळी साधली नाही, तेव्हा सगळी भुतं पंख्याच्या नावावर लिहून टाकता येत नाहीत. आणि पंखा फार तर करडी आकृती देईल. ती नटी आहे की पांढऱ्या साडीतली बाई की बिडी मागणारा म्हातारा, हे त्या त्या ठिकाणची माणसं ठरवतात.

बेथनल ग्रीनबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय. पूर्व लंडनमधलं हे भुयारी स्टेशन दुसऱ्या महायुद्धात अर्धवट बांधलेलं होतं. गाड्या सुरू झाल्या नव्हत्या, म्हणून लोक हवाई हल्ल्यापासून वाचायला त्यात उतरत. आत हजारोंनी झोपायची सोय होती. ३ मार्च १९४३ च्या रात्री भोंगा वाजला. पाऊस होता, पायऱ्या ओल्या, दिवे बंदीमुळे जिन्यात एक मिणमिणता बल्ब, मधे धरायला कठडा नाही. लोक शांतपणे उतरत होते. तेवढ्यात जवळच्या व्हिक्टोरिया पार्कमधून विमानविरोधी अग्निबाण सुटले. नव्या जातीचे, लोकांनी तो आवाज आधी कधी ऐकलेला नव्हता. बॉम्ब पडला असं वाटून मागून रेटा आला. खाली लहान मुलाला घेऊन उतरणारी एक बाई अडखळली, तिच्यावर मागचा, त्याच्यावर त्याच्या मागचा. मोजून १९ पायऱ्यांच्या त्या जिन्यात, काही मिनिटांत, १७३ माणसं गुदमरून मेली. त्यांत ६२ मुलं. त्या रात्री त्या भागात एकही बॉम्ब पडला नव्हता.

सरकारने चौकशी केली आणि युद्ध चालू आहे म्हणून अहवाल दाबून ठेवला. प्रवेशाचा जिना धोक्याचा आहे, तो सुधारू द्या, असं स्थानिक कौन्सिलने आधीच कळवलं होतं आणि वरून नकार आला होता, हेही त्या दाबण्यात गेलं. वाचलेल्यांना बोलू नका म्हणून सांगितलं. १९४६ मध्ये स्टेशन रीतसर सुरू झालं, गाड्या धावू लागल्या. आणि मग १९८१ च्या सुमारास रात्री स्टेशन बंद करून कागदपत्रं उरकत बसलेल्या एका कर्मचाऱ्याला मुलांचं मुसमुसणं ऐकू आलं. हळूहळू ते वाढलं, मग बायकांच्या किंकाळ्या, आणि तो खोली सोडून वर पळाला. मेलेल्यांची नावं असलेलं पूर्ण स्मारक तिथं उभं राहिलं ते २०१७ साली. तोवर रात्रीचं राखण करणाऱ्यांनी ही नोंद ठेवली होती. तो आवाज खरा होता का, हे मला महत्त्वाचं वाटत नाही. ज्या जिन्याविषयी बोलायला मनाई होती, त्याच्याविषयी बोलायचा तेवढा एक मार्ग उरला होता, आणि तो कुलूप लावणाऱ्या माणसाच्या वाट्याला आला.

आमच्या जिल्ह्यातही एक असंच झालं, तेही दिवसाउजेडी. २२ जानेवारी २०२५ ला पाचोरा तालुक्यात, माहेजी आणि परधाडे या स्टेशनांच्या दरम्यान, लखनौहून मुंबईला चाललेल्या पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची ओरड झाली. साखळी ओढली गेली, माणसं खाली उतरली, काही शेजारच्या रुळांवर गेली. त्या रुळांवरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान १२ जण गेले. पुष्पकला आग लागलेली नव्हती. लंडनला बॉम्ब नव्हता, इथं आग नव्हती. मी बेथनल ग्रीनविषयी वाचलं होतं, आणि त्या संध्याकाळी टीव्हीवर परधाडे हे नाव ऐकताना मला तो १९ पायऱ्यांचा जिना दिसत राहिला.

तेव्हापासून मनात एक फरक पक्का झालाय. प्रवाशाची अफवा आणि रात्रपाळीवाल्याचं भूत, दोन्ही भीतीचीच पिल्लं, पण त्यांचे पाय वेगवेगळ्या दिशांना. अफवा म्हणते, आत्ताच्या आत्ता उडी मार. भूत म्हणतं, थांब, एकटा जाऊ नकोस, आधी विचार. अफवा अनोळखी माणूस अनोळखी माणसाला सांगतो आणि सांगून मोकळा होतो. भूत मात्र जुना हात नव्या हाताला सांगतो, जेवताना, डबा उघडून, आणि उद्याही दोघांना तिथंच यायचं असतं. परधाड्याला कोणाला काही दिसल्याचं अजून माझ्या कानावर नाही. मेलेली माणसं लांबची होती, त्यांची गावं नकाशात शोधावी लागली. पण ट्रॅकमन रोज त्या वळणावरून चालत जातात. त्यांचं त्यांना माहीत.

हे सगळं लिहिताना सातपुड्याकडची आठवण ठेवावी लागते, नाहीतर भुतांचं कौतुक अंगाशी येईल. आमच्याच खानदेशात, नंदुरबारच्या डोंगराळ भागात, अशाच रात्रीच्या गोष्टी एखाद्या जित्याजागत्या बाईला चिकटतात आणि ती डाकीण ठरते. मग तिला मारहाण होते, गाव सोडावं लागतं, जीवही जातो. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर, आणि तो लागतो तो अशाच जागी. पुलाजवळच्या म्हाताऱ्याला घर नव्हतं, शेत नव्हतं, भाऊबंदकी नव्हती. त्याला भूत म्हणून कोणाचं काही लुबाडलं जात नव्हतं. माझ्यापुरती भुतांची परीक्षा एवढीच आहे: त्या गोष्टीत फायदा कोणाचा आणि मार कोणाला?

माझा भाचा एका मोठ्या शहरात भुयारी मेट्रोच्या देखभालीत आहे. शहर कुठलं ते लिहू नकोस म्हणालाय. दिवाळीला आला होता. रात्री साडेअकराला त्यांचं काम सुरू होतं, पहाटे चारच्या आत आटपावं लागतं. मी विचारलं, तुमच्याकडे कोणी दिसतं का?

"नवं स्टेशन आहे मामा, अजून वासही रंगाचाच येतो," तो म्हणाला. "पण हवेच्या शाफ्टमधे एक बाई आहे."

"कोण बाई?"

"ते अजून ठरलं नाही."

मग त्याने सांगितलं. बोगद्यातली हवा खेळती ठेवायला माणसापेक्षा उंच पंखे असतात. ते दुसरीकडून, कंट्रोल रूममधून सुरू होतात. आत कोणी आहे का हे पंख्याला कळत नाही. परमिट घेतल्याशिवाय जाऊ नका, दोघं मिळून जा, असं लेखी आहे, भिंतीवर बोर्ड आहे, दर महिन्याला त्यावर भाषण होतं. तरी नवी पोरं मोबाईलच्या उजेडात एकटी घुसायची. कोणीतरी, त्याने नाव सांगितलं नाही पण मला संशय आहे तो स्वतःच, एका रात्री म्हणालं की आत बाई रडते.

"आता?"

"आता परमिट घेऊन जातात. दोघं नाही, तिघं."

आई पलीकडे शेवभाजीचा मसाला वाटत होती. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, स्टेशन खोदताना विहीर लागली होती का रे? जुन्या गावात विहीर लागतेच. भाचा म्हणाला, लागली होती म्हणे, बुजवली. "मग विहिरीतली म्हण," आई म्हणाली, "नाहीतर दोन महिन्यांत विसरतील."

त्याने ते मोबाईलमधे लिहून घेतलं. जेवण होईस्तोवर आई त्याला विचारत राहिली, बाई कोणत्या काळातली, सासुरवास होता का, आणि मूल होतं की नव्हतं. मूल नको, असं शेवटी दोघांचं ठरलं. पोरांना फार त्रास होईल.